पंचाहत्तर घोडे गेले कुठे?

चारोटी नाक्यावर डहाणूचा रस्ता हायवेला मिळतो. कागदावर आता तो राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, पण आमच्याकडे अजून सगळे आठ नंबरच म्हणतात. गेल्या माघात आम्ही सात जण तलासरीला एका लग्नाला निघालो होतो. नाक्यावरून हायवेला लागताना आरशात पाहिलं, दोन कंटेनरच्या मध्ये जागा दिसली. तिसरा गिअर टाकून पाय पार खाली दाबला. इंजिन ओरडलं, मागे काळा धूर पसरला, पण गाडी काही पुढे सरेना. मागचा कंटेनर हॉर्न देत अंगावर आला आणि कसाबसा आवरला. माझा आरसा त्याच्या पुढच्या जाळीने भरून गेला होता. मागच्या सीटवर माझी दोन मुलं आणि सासूबाई बसल्या होत्या.

गाडी २००४ सालची क्वालिस. टोयोटा किर्लोस्करने ती २००० साली आणली आणि २००५ मध्ये बंद करून तिच्या जागी इनोव्हा दिली. २४४६ सीसीचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, नवी असताना ७५ अश्वशक्ती. मी २००९ मध्ये जुनी घेतली. आज काट्यावर ३,४२,००० किलोमीटर आहेत. ह्या गाडीतून चिकूच्या पेट्या गेल्या, वरात गेली, माझे वडील शेवटचे दवाखान्यात गेले. ती विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. पण त्या दिवसानंतर तिला घेऊन हायवेवर चढायची मला भीती वाटू लागली.

त्याच आठवड्यात डहाणू रोडला अण्णांच्या ओटीवर विषय निघाला. अण्णा म्हणजे माझे मामा. एसटीच्या डहाणू आगारात मेकॅनिक म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. समोर बसला होता माझा पुतण्या. डिप्लोमा करून वापीला एका कारखान्यात सीएनसी मशिनवर आहे, रोज गाडीने जाऊन-येऊन करतो. तो वही घेऊनच आला होता.

"काका, तीन मार्ग आहेत," त्याने वही उघडली. "सगळ्यात स्वस्त म्हणजे पंपाचा स्क्रू थोडा आत घेऊन डिझेल वाढवायचं. त्याच्या वर टर्बो किट. आणि मोठं काम म्हणजे इनोव्हाचं जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट आणून बसवायचं."

"आणि चौथा?" अण्णांनी विचारलं.

"चौथा कुठला?"

"आहे त्या इंजिनाला झालंय काय, ते बघायचं."

"अण्णा, झालंय काय ते उघड आहे. साडेतीन लाख किलोमीटर झालेत. आणि समजा ते अगदी नव्यासारखं केलं तरी मिळणार किती? पंचाहत्तर. तेही दीड टनाच्या गाडीला, वर सात माणसं. २००० साली ते पुरत होते. तेव्हा ह्या हायवेवर ट्रक पन्नासने रखडत चालायचे. आता कंटेनर ऐंशीने जातात, मोटारी शंभरने. काका चारोटीला साठवर अडकले म्हणून जीव धोक्यात आला. वेगात शिरता येणं ही चैन नाही, ती सुरक्षितता आहे."

"मग हळू चालवावी. जागा मोठी होईपर्यंत थांबावं."

इथे मला मध्ये बोलावं लागलं. अण्णांबद्दल मला कितीही आदर असला तरी हे उत्तर मला पटलं नाही, आजही पटत नाही. त्या नाक्यावर मोठी जागा मिळतच नाही. आणि हायवेवर सगळे ज्या वेगाने चाललेत त्यापेक्षा फार हळू जाणारी गाडी स्वतःच अडथळा असते. गरज खरी होती. प्रश्न एवढाच होता की ती भागवायची कशाने.

पुतण्याला धीर आला. "काका, इनोव्हाचंच बघा. तिचं पहिलं डिझेल इंजिन २४९४ सीसी. आपल्यापेक्षा ४८ सीसी जास्त. कटिंग चहाएवढासुद्धा फरक नाही. आणि ताकद १०२ घोडे. वरचे २७ आले कुठून? हवेतून."

"डिझेलमधून," अण्णा म्हणाले. "हवा काय जळते?"

"जळतं डिझेलच, पण हवा असेल तेवढंच जळतं ना? आपलं इंजिन स्वतःच हवा ओढतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत फार तर २४४६ सीसी, आणि तेवढीसुद्धा पूर्ण भरत नाही. टर्बो काय करतो, सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवतो आणि दुसऱ्या बाजूने हवा कोंबतो. अर्धा बार दाब दिला तरी जवळजवळ दीडपट हवा. म्हणजे तेवढं जास्त डिझेल स्वच्छ जळेल. इनोव्हात टर्बो आहे, कॉमन रेल आहे, म्हणून १०२."

"आणि इंजिन तापेल."

"सगळे मिस्त्री हेच सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. नुसती हवा वाढवली आणि डिझेल आहे तेवढंच ठेवलं, तर धूर कमी होतो आणि बाहेर पडणारा वायू उलट थंड होतो. इंजिन तापवतं ते वरून ओतलेलं डिझेल. टर्बोला उगाच नाव ठेवतात."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तू बरोबर बोललास. मी इतकी वर्षं टर्बोलाच दोष देत आलो." अण्णांच्या तोंडून हे ऐकायला मिळणं सोपं नसतं. पण पुढचं वाक्य त्यांनी लगेच टाकलं. "आता मला सांग, डिझेल तेवढंच ठेवून तुझे घोडे किती वाढतील?"

"थोडेफार."

"मग एवढा खर्च करून तू थोडेफारवर थांबणार आहेस? नाही थांबणार. आठ दिवसांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन पंपाला हात लावणारच. आणि ते डिझेल कुठल्या इंजिनात ओतणार, तर ज्याच्या रिंगा साडेतीन लाख घासल्यात त्यात. टर्बोसाठी जे इंजिन कारखान्यात बनतं त्याचा पिस्टन वेगळा असतो. पुष्कळदा त्याला खालून ऑइलचा फवारा असतो, कॉम्प्रेशन जरा कमी ठेवलेलं असतं. आपलं बावीसच्या आसपास आहे. त्यात आणखी हवा कोंबलीस तर तो सगळा दाब हेड पॅकिंगवर, बेअरिंगांवर. ह्या जातीच्या इंजिनाचं हेड एकदा तापलं की वॉल्वच्या मध्ये तडा जातो. नवीन हेड आणशील कुठून?"

"आणि तो स्क्रू," त्यांनी पुढे सुरू केलं, "त्याच्यासारखी घातक गोष्ट नाही. अर्धा आटा फिरवला की गाडीला लगेच पिकअप येतो. गिऱ्हाईक खूश. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक पिस्टन वितळला म्हणून येतं. जास्तीच्या डिझेलला हवा कुठे आहे? त्याचा होतो काळा धूर. एसटीत पंपाला सील असायचं. ते कोणी तोडलं तर डेपोत चौकशी लागायची, आणि लागायलाच हवी."

धुराचा विषय निघाला की डहाणूचा माणूस सहज सोडत नाही, आणि सोडू नये. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा सगळा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला. औष्णिक वीज केंद्राच्या राखेपायी, धुरापायी इथल्या माणसांनी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण नेलं. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. त्या प्राधिकरणाने चिकाटी धरली म्हणून वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली आणि ती २००७ मध्ये सुरू झाली. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या बागांसाठी हे सगळं झालं, त्याच बागांच्या कुंपणाला लागून मी रोज काळा धूर सोडत जात होतो. अण्णांनी हे बोलून दाखवलं नाही, पण मला ते लागलं.

पुतण्याने मात्र हार मानली नव्हती. त्याच्याकडे एक हुकमाचा पत्ता होता.

"अण्णा, इंजिन बदलणं एवढं वाईट, तर तुम्ही तरुणपणी जीपमध्ये मॅटाडोरचं इंजिन कसं बसवलंत? आजी सांगते की रविवारी तुम्ही घरी नसायचातच, कुणाच्या ना कुणाच्या जीपखाली असायचात."

मामी आतून हसली. अण्णा नाही हसले. त्यांनी पान बाजूला ठेवलं आणि जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवावं अशा योग्यतेचं होतं.

"बसवलं. एक नाही, बऱ्याच. तेव्हाच्या महिंद्राच्या जीपा पेट्रोलच्या. पेट्रोल प्यायच्या नुसत्या. बागाईतदारांना परवडेना. मॅटाडोरचं इंजिन म्हणजे बजाज टेम्पोने पुण्यात मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं, दमदार. भंगारात गेलेल्या मॅटाडोरमधून काढायचं, रिंगा-बेअरिंग करायचं, जीपमध्ये बसवायचं. पुढे महिंद्राने स्वतःच प्यूजोचं डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनवायला घेतलं, मग हे काम कमी झालं. पण एक ऐक. ते आम्ही कशासाठी करायचो? पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून. पळायला नाही. आणि तरीसुद्धा काय काय झालं, सांगू? इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसले. रेडिएटर पुरेना, जव्हारच्या घाटात पाणी उकळायचं. मोठा केला तर पंख्याला लागायचा. डिझेलचा धक्का वेगळा असतो, त्याने एकाचा गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट तुटला, तोसुद्धा रात्रीचा, विक्रमगडच्या पुढे, बाळंतीण गाडीत असताना. आम्ही इंजिन बदललं असं म्हणायचो. खरं म्हणजे एक इंजिन बदललं की क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट, पाटे, ब्रेक सगळं एकामागून एक पैसे मागत येतं. ज्यांनी ते सगळं केलं त्यांच्या जीपा वीस वर्षं चालल्या. ज्यांनी नुसतं इंजिन टाकलं, त्यांच्याकडे मला रात्री-अपरात्री जावं लागलं."

"म्हणजे सगळं नीट केलं तर होतं," पुतण्या हळूच म्हणाला.

"होतं. मी नाही कुठे म्हटलं? पण मग ती तुझ्या काकाची क्वालिस राहिली का?"

त्या रात्री निर्णय झाला नाही. ठरलं एवढंच की रविवारी अण्णांच्या अंगणात गाडी तपासायची, आणि तपासणी होईपर्यंत कोणी कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही.

रविवारी सकाळी मी घोलवडहून गाडी नेली. अण्णांनी बॉनेट उघडलंच नाही. इंजिन बंद करायला लावलं, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, आणि पुतण्याला म्हणाले, "ढकल." सपाट अंगण. त्याने जोर लावला, गाडी हलली नाही. मी हात लावला तेव्हा कुठे ती सरकली. अण्णा पुढच्या डाव्या चाकाशी गेले आणि तळहात रिमजवळ धरून लगेच मागे घेतला. जॅकवर चाक उचललं. हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने कॅलिपरचा पिस्टन गंजून आत अडकला होता, ब्रेक सुटतच नव्हता. मी किती महिने ब्रेक दाबून गाडी चालवत होतो कोण जाणे.

मग एअर फिल्टर. घरच्या अंगणात गाडी सुरूच्या झाडाखाली उभी असते. हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी सुरूच्या सुयांचा बोळा तयार झाला होता, मागे फिल्टर बागेच्या लाल धुळीने विटकरी झालेला. पुतण्याने फिल्टर आपटला आणि धुळीचा ढिगारा पाहून म्हणाला, "हवा कोंबायचं बोलत होतो मी. इथे हवा आतच जात नाहीये."

टायरांचा दोष माझा. दोन वर्षांपूर्वी मूळ मापापेक्षा मोठे टायर मीच घातले होते, गाडी भारदस्त दिसते म्हणून. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर जड. इंजिनाला तेच ओझं लांब दांड्याच्या टोकाला बांधून उचलायला लावल्यासारखं. अण्णांनी टायरवर नुसतं बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यात महत्त्वाचं काम त्यानंतर. चारही हीटर प्लग काढले. पंपाला डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन पेट घेणार नाही. पहिल्या भोकात डिझेलचा कॉम्प्रेशन गेज आटवून बसवला. मी सेल्फ मारायचा, पुतण्याने काटा वाचायचा, अण्णांनी खडूने फरशीवर लिहायचं. पहिला सिलिंडर २७ किलो. दुसरा साडेसव्वीस. तिसरा साडेवीस. चौथा २६.

"नव्या इंजिनाला तीस-बत्तीस असतं," अण्णा म्हणाले. "वीसच्या खाली गेलं की इंजिन उघडायचं. तीन बरे आहेत. साडेतीन लाखांच्या मानाने उत्तम आहेत. पण हा तिसरा बघ. चौघांत पाचाच्या वर फरक नको. हा एकटा मागे राहिलाय आणि बाकीचे तिघे त्याला ओढतायत."

"रिंगा गेल्या असतील," पुतण्या म्हणाला.

"कशावरून?"

त्याला उत्तर देता आलं नाही. अण्णांनी तिसऱ्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं. एकच चमचा, कारण डिझेलच्या पिस्टनवर जागा इतकी थोडी असते की जास्त ऑइल पडलं तर दाबलं न जाता रॉड वाकवतं. पुन्हा सेल्फ. ऑइलने रिंगांची फट भरते; दोष रिंगांचा असता तर काटा वर गेला असता. काटा जेमतेम एकवीसवर गेला. ऑइल भरायचं झाकण काढून त्यांनी मघाशीच, चालू इंजिनावर, वर तळहात धरून पाहिला होता. खालून फुंकर येत होती, पण जोराची नव्हती. "रिंगा ठीक आहेत. वॉल्व बसत नाहीये." टॅपेट मोजले तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट वॉल्वला फटच उरली नव्हती. वॉल्व आपल्या बैठकीत घासत घासत वर सरकतो, फट मिटते, मग तो पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. इतकी साधी गोष्ट. गेल्या सव्वा लाख किलोमीटरात कोणी टॅपेट पाहिले नव्हते. मीही सांगितलं नव्हतं.

पुतण्या बराच वेळ त्या खडूच्या आकड्यांकडे पाहत उभा होता. "म्हणजे काका, आपल्याकडे पंचाहत्तर नव्हतेच. साठ तरी होते का?"

"आणि त्यातले किती चाकापर्यंत पोचत होते," अण्णा म्हणाले, "तेही विचार."

माझ्या मते ह्या सगळ्या वादाचं उत्तर त्या फरशीवर होतं. पुतण्या म्हणत होता ताकद हवी, आणि ते खरं होतं. फक्त ती बाहेरून विकत आणायची गरज नव्हती. ती आमचीच होती, गळून गेलेली होती. आणि समजा आम्ही आधी टर्बो बसवला असता, तर न मिटणाऱ्या वॉल्ववर, अडकलेल्या ब्रेकवर आणि बंद नाकावर बसवला असता. तिसऱ्या सिलिंडरचा तो वॉल्व जळाला असता आणि आम्ही टर्बोला शिव्या दिल्या असत्या.

कायद्याची बाजू मी स्वतः पाहिली, कारण आरसी माझ्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन नंबर आरसीवर असतो. न कळवता बदल केला आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो, हे वेगळंच.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा पुतण्या चिडला, आणि त्याचं चिडणं मला रास्त वाटलं.

"सीएनजी किटला, इलेक्ट्रिक किटला एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मंजुरी घ्यायची वाट नियमांत आहे. मग चांगल्या स्थितीतल्या जुन्या डिझेल गाडीसाठी, ब्रेकसकट तपासलेली, धूर कमी करणारी टर्बो किट का नको? पुण्यात एवढी मोठी संस्था आहे. ज्याला नवीन गाडी परवडत नाही त्याला तुम्ही दोनच मार्ग ठेवता, रखडत चालव किंवा मोडीत घाल. म्हणून मग लोक लपूनछपून करतात आणि वाईट करतात."

अण्णांनी मान डोलावली. "ह्यात मी तुझ्या बाजूने आहे. तपासून, शिक्का मारून देत असतील तर मी स्वतः बसवीन. पण शिक्का नसताना नाही. आणि एक सांगू? तुला गाडीवर पैसे खर्चायचेच आहेत ना? मागच्या सीटचे पट्टे कुठे आहेत?"

पट्टे सीट कव्हरच्या खाली गेले होते. कव्हर शिवून घेतलं तेव्हापासून कोणी ते वर काढले नव्हते. ४ सप्टेंबर २०२२ ला टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ह्याच चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, मोटार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे पट्टा लावलेला नव्हता. गाडी मर्सिडीज होती. त्या पुलावरून आम्ही शेकडो वेळा गेलो आहोत. पुतण्याने काही न बोलता कात्री मागितली आणि कव्हरची शिवण उसवायला बसला.

पुढचा महिनाभर काम चाललं. हेड उतरवलं, तडा नव्हता. वॉल्व लॅपिंग करून घेतले, टॅपेटच्या शिम नव्या घातल्या, हेड पॅकिंग नवीन. हेड उतरलंच आहे तर टायमिंग बेल्टही बदलला. नोझल आणि पंप वापीला बेंचवर पाठवले. चारपैकी दोन नोझल फवारा न मारता धार सोडत होत्या, म्हणजे काळ्या धुराचा अर्धा जाब तिथे मिळाला. पंपाची सीलं बदलली, डिझेल कंपनीच्या मापावर ठेवून पंप सील करून आणला. कॅलिपर दोन्ही बाजूंचे उघडले. क्लच प्लेट अजून चालली असती, पण बदलली. टायर मूळ मापाचे घेतले. सगळा खर्च टर्बो किटच्या बसवण्यासकट सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आत आला. पुतण्याने आपल्या कारखान्याच्या सवयीने प्रत्येक आकडा वहीत लिहिला. त्याच वहीत, जिच्या पहिल्या पानावर तीन मार्ग लिहिले होते.

चैत्रात सासुरवाडीला जव्हारला गेलो. ह्या वेळीही माणसं सातच. अण्णा पुढे बसले होते, पुतण्या मागे, पट्टा लावून. घाटाच्या ज्या वळणावर मला नेहमी दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथे गाडी तिसऱ्यात चढली. आरशात मागे रस्ता स्वच्छ दिसत होता. पुतण्या म्हणाला, "इनोव्हा इथे चौथ्यात गेली असती." अण्णा म्हणाले, "गेली असती. जाऊ दे की." परतताना चारोटीला हायवेवर चढलो, कंटेनर होताच, आणि मी वेळेत त्याच्या पुढे गेलो.

ज्यांच्या दारात जुनी डिझेल गाडी आहे आणि ती खेचत नाही म्हणून जे टर्बोची किंमत विचारत फिरतायत, त्यांना एक विनंती. कुणालाही पैसे द्यायच्या आधी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बघा, टॅपेट तपासा आणि कॉम्प्रेशन गेज लावून चारही आकडे लिहून घ्या. गेज लावायला एक सकाळ पुरते.

आमचे आकडे गेल्या रविवारी पुन्हा घेतले. पुतण्याने एकट्याने घेतले, अण्णा नुसते ओटीवर बसून होते. २७, २७, साडेसव्वीस, साडेसव्वीस. गाडीची आरसी २०२९ पर्यंत आहे.